कोणती सायकल घेऊ, कोकिळा?

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. धुळ्याच्या पाटबंधारे ऑफिसात दिपमाला एका कालव्याचा नकाशा तपासत बसली होती. तेवढ्यात कोकिळाचा फोन आला.

"दीपे, मी सायकल घेतलीय. डोंगरावर चालवायची. आता तूही घे. थंडी पडली की जायचं."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? डोंगरात. पहिल्यासारखं."

दिपमालाने "हो, जाऊ या" म्हणून फोन ठेवला आणि मग बराच वेळ नकाशाकडे नुसतीच बघत राहिली. तिला आनंद झाला होता की भीती वाटली होती, ते तिचं तिलाच कळेना.

दोघी जळगावला डिप्लोमा करत असताना एकाच वसतिगृहात राहायच्या. कोणाच्या तरी नादाने दोघींनी गिअरच्या सायकली घेतल्या आणि दर रविवारी यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी जायला लागल्या. बकऱ्यांच्या वाटा, बैलगाडीच्या चाकोऱ्या, कोरडे नाले, जे मिळेल त्यावरून जायच्या. कोकिळा पुढे आणि दिपमाला मागे, हे कधी ठरवलं नव्हतं, पण तसंच असायचं. कोकिळाचं मागचं चाक जिथून जाईल तिथून आपलं न्यायचं, एवढंच दिपमालाला ठाऊक. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. कोकिळाची बदली चंद्रपूरला झाली. दिपमालाची सायकल दोंडाईच्याला माहेरच्या ओसरीत धूळ खात पडली आणि एक दिवस भावाने ती कोणाला तरी देऊन टाकली. कोकिळा आता परत आली होती. दीपनगरच्या वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. पण दोघींची भेट व्हायची ती लग्नकार्यात, नाहीतर फोनवर.

दिपमाला चव्वेचाळीस वर्षांची होती. जिना चढताना गुडघा कुरकुरायचा. तरी त्या दिवशी ऑफिसातून घरी आल्या आल्या तिने मोबाइलवर सायकली बघायला घेतल्या.

पहिली सायकल घेताना दुकानात एक लाल होती आणि एक काळी. तिने लाल घेतली आणि विषय संपला. आता तसं नव्हतं. पुढेच सस्पेन्शन असलेली सायकल होती, तिला हार्डटेल म्हणत. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली होती, ती फुल सस्पेन्शन. चाकं दोन मापांची. पूर्वी पॅडलजवळ तीन चकत्या असायच्या, आता एकच. अंगठ्याने बटण दाबलं की सीट खाली जायची. ट्यूब नसलेले टायर आले होते, त्यांत एक पातळ द्रव भरायचा, म्हणजे बाभळीचा काटा घुसला तरी भोक आपोआप बुजायचं. बॅटरीवर चालणाऱ्याही होत्या.

एका व्हिडिओतला माणूस म्हणाला, मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरुवात करणाऱ्याने हार्डटेलच घ्यावी, त्यावर हात बसतो. दुसरा म्हणाला, चाळिशीनंतर पाठ आणि गुडघे महत्त्वाचे, फुल सस्पेन्शनशिवाय जाऊच नका. तिसरा म्हणाला, तुमच्या वाटा कशा आहेत ते आधी सांगा, मग मी सायकल सांगतो. दिपमाला तिथेच अडकली. आपल्या वाटा कशा आहेत? ज्या होत्या त्या वीस वर्षांपूर्वीच्या. त्या तशाच आहेत की नाहीत, हेही तिला माहीत नव्हतं.

तिचा नवरा गिरधर ठिबकच्या नळ्यांचा व्यापार करायचा. त्याने तीन-चार दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हायब्रीड घे ना. डांबरीवरही चालते, कच्च्यावरही चालते."

"ती खडकावर नाही चालत."

"खडकावर कशाला जायचं? तुला नक्की करायचंय काय तिच्यावर?"

त्याने चिडून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. दिपमालाने पुन्हा मोबाइल हातात घेतला. सासूबाई, प्रमिलाबाई, शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माय, बठ्ठ्या सायकलीस्ले दोनच चाकं शेतस ना? मंग इतला इचार कसाले?"

"सगळ्यांना दोनच चाकं, तरी एवढा विचार कशाला, तेच तर समजत नाहीये, आई," दिपमाला म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती बसने जळगावला गेली. कोकिळा भुसावळकडून आपल्या गाडीने आली, मागच्या स्टँडवर सायकल लावून. सायकलीच्या दुकानाच्या दारात दोघींनी एकमेकींना मिठी मारली. कोकिळाच्या हनुवटीखाली टाक्यांचा व्रण होता, अजून गुलाबी.

"हे काय गं?"

"काही नाही. ओट्याच्या कडेला लागलं," कोकिळा म्हणाली आणि तिला आत घेऊन गेली. "हे बघ, जास्त डोकं चालवू नकोस. फुल सस्पेन्शन घे. माझी तीच आहे. परदेशी आहे, पुण्याहून मागवली."

"कशी चालते?"

"मस्त चालते."

दुकानदार चंदन तिशीतला, शांत मुलगा होता. त्याने आधी दिपमालाची उंची विचारली, मग किती वर्षांचा खंड पडला ते विचारलं, आणि मग एकेक सायकल काढून द्यायला लागला. दिपमाला पहिल्या सायकलवर बसली आणि गोंधळली. हँडल इतकं रुंद होतं की आपण दार अडवून उभ्या आहोत असं तिला वाटलं. पुढचं चाक पूर्वीपेक्षा फार लांब वाटत होतं. दुकानामागच्या पार्किंगमध्ये तिने चक्कर मारली. गिअर बदलायला जुन्या सवयीने डाव्या अंगठ्याने खटका दाबला, तर सीटच खाली गेली आणि ती "अगंबाई!" करून ओरडली. कोकिळा पोट धरून हसली.

मग दुसरी चालवली, मग तिसरी. फुल सस्पेन्शनवर गादीवर बसल्यासारखं वाटलं. हार्डटेल हलकी वाटली. मोठ्या चाकाची चांगली होती आणि लहान चाकाचीही चांगलीच होती. जी चालवावी ती आवडत होती, आणि खाली उतरलं की आधीची बरी होती असं वाटत होतं.

"घेऊन टाक गं," कोकिळा फुल सस्पेन्शनच्या सीटवर थाप मारत म्हणाली. तिच्या आवाजात अशी घाई होती, जणू सायकल तिलाच घ्यायची आहे.

चंदन म्हणाला, "ताई, पार्किंगमध्ये सगळ्याच चांगल्या वाटतात. माझ्याकडे तुमच्या मापाची एक हार्डटेल चालवून बघायला ठेवलेली आहे. उद्या कच्च्यावर न्या. यांची फुल सस्पेन्शन आहेच. दोन्ही चालवून बघा, मग बोलू."

"चालेल," दिपमाला म्हणाली. "उद्या सोनगीरला जाऊ. किल्ल्याच्या मागच्या बाजूने वाट आहे."

"सोनगीर? उद्या लगेच?" कोकिळा म्हणाली.

"का? तूच म्हणत होतीस ना, डोंगरात जायचं?"

"नाही, नाही. ठीक आहे. जाऊ."

कोकिळा त्या रात्री धुळ्याला दिपमालाकडेच राहिली. जेवताना फारशी बोलली नाही. एरवी ती जेवताना सगळ्यांना हसवायची. दिपमालाला वाटलं, दमली असेल.

सकाळी दोघी सोनगीरला पोचल्या. गावाबाहेर गाडी उभी केली. गाडीच्या मागच्या स्टँडवरून सायकली उतरवताना दिपमालाचं लक्ष कोकिळाच्या टायरकडे गेलं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, कच्च्यावर थोडं चाललं की झडून जातात, ते कडेचे सगळे केस जसेच्या तसे होते. सायकल घेऊन चार महिने झाल्याचं कोकिळा सांगत होती. दिपमालाला काही समजेना. तिने सायकली खाली घेतल्या.

वाट सुरू झाली तशी कोकिळा म्हणाली, "तू हो पुढे."

"मी?"

"हो. तुला बघायचीय ना सायकल."

दिपमाला पुढे झाली. आणि लगेच तिच्या लक्षात आलं की कुठे बघायचं हेच आपल्याला माहीत नाही. समोर नुसती वाट होती. दगड, वाळलेलं गवत, मधेच बाभळीची फांदी. डावीकडून जावं तर खड्डा होता, उजवीकडून जावं तर मुरूम घसरत होता. ठरवेपर्यंत चाक दगडावर आपटायचं आणि पाय टेकायला लागायचा. हार्डटेल सगळं काही थेट अंगात पोचवत होती. खडा आला की खडा, मुळी आली की मुळी. दोन ठिकाणी ती उतरून चालली. दम लागला. पण तिसऱ्या चढाला तिने लांबूनच एक रेघ हेरली, दोन दगडांच्या मधून, आणि त्याच रेघेवरून ती वर निघून गेली. वर पोचल्यावर तिला काय झालं कोण जाणे, ती एकटीच मोठ्याने हसली.

वरून महामार्ग दिसत होता. ट्रक मुंग्यांसारखे चालले होते. कोकिळा बऱ्याच वेळाने आली, सायकल ढकलत. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"आता उतार," दिपमाला म्हणाली. "तू पुढे होतेस?"

"तूच हो."

उतार फार तीव्र नव्हता. दिपमालाने सीट खाली केली, हळूहळू अर्धा उतार उतरली आणि थांबून मागे बघितलं. कोकिळा वरच होती. दोन्ही पाय जमिनीवर टेकून, हँडल धरून, नुसती उभी.

"कोके, ये ना!"

कोकिळाने मान हलवली, पण ती हलली नाही. दिपमाला सायकल आडवी टाकून परत वर चढली.

"चेन उतरली का?"

"नाही."

"मग?"

कोकिळाने सायकल एका दगडाला टेकवली आणि खाली बसली. "दीपे, मी ही कच्च्यावर कधी नेलीच नाही. आली त्याच आठवड्यात कॉलनीतल्या टाकीच्या उतारावर चालवत होते. पुढे कुत्रं आलं, हलकासा ब्रेक मारला आणि हँडलवरून पुढे पडले. हनुवटी फुटली. तेव्हापासून डांबरीवर, तेही सपाटीवर. उतार दिसला की हात ब्रेकवर जातो आणि अंग गोठून जातं. मला वाटलं, झालं आता. वय झालं. मग वाटलं, तू आलीस तर तुझ्यामागून जमेल."

"माझ्यामागून? मी तर कायम तुझ्या मागे असायचे!"

"म्हणून तर मी पुढे जायचे. मागे तू आहेस म्हणून."

वीस वर्षं दिपमालाने मनात एक चित्र धरून ठेवलं होतं, न घाबरता पुढे जाणाऱ्या कोकिळाचं. ते चित्र खोटं होतं असंही नाही, पण खरंही नव्हतं. आणि मग तिला एकदम राग आला.

"मग काल दुकानात कशाच्या जोरावर सांगत होतीस, फुल सस्पेन्शन घे, मस्त चालते?"

कोकिळा खाली मान घालून म्हणाली, "मला विकणारा म्हणाला घ्या, मी घेतली. तूही तीच घेतली असतीस तर वाटलं असतं, आपण चुकलो नाही."

किल्ल्याच्या बाजूने कुठेतरी बकऱ्यांच्या घंट्या वाजत होत्या. दिपमालाचा राग फार टिकला नाही. तिने कोकिळाची सायकल उचलली.

"मी बघते चालवून. इथे, या लहान उतारावर."

"दीपे, नको. फार जोरात लागतात ब्रेक."

"हळू जाते."

सायकल तिला मोठी होती, पण सीट पार खाली गेल्यावर पाय टेकत होते. ती निघाली, आणि पहिल्या काही क्षणांत तिला विलक्षण छान वाटलं. ज्या दगडांनी तिचे हात मघाशी खिळखिळे केले होते, ते दगड जणू नव्हतेच. तिला वाटलं, हीच घ्यावी. वेग थोडा वाढला तसा तिने नेहमीसारखा मागचा ब्रेक अलगद दाबला, डाव्या हाताने. पुढचा भाग धपकन खाली बसला, मागचं चाक हवेत उठलं आणि ती बाजूच्या गवतात जाऊन पडली.

"लागलं का?" कोकिळा धावत आली.

गुडघा खरचटला होता, पण दिपमालाचं लक्ष तिकडे नव्हतं. ती गवतात बसल्या बसल्या आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. मग ती उठली, सायकल उभी केली, डावा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली. पुढचं चाक गच्च बसलं. उजवा दाबला. मागचं चाक बसलं.

तिने पुन्हा करून बघितलं, कारण तिचा विश्वास बसेना. मग ती खाली उतरून आपली हार्डटेल घेऊन आली. तिचा उजवा ब्रेक पुढचा होता आणि डावा मागचा. त्यांच्या जुन्या सायकलींचा होता तसाच. गिरधरच्या स्कूटरचा होता तसाच.

"कोके," ती म्हणाली, "हिचे ब्रेक उलटे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मागचा म्हणून दाबलास तो पुढचा होता. बाहेरच्या देशांत असेच असतात बहुतेक. तुला कोणी सांगितलं नाही."

कोकिळाने स्वतः दाबून बघितलं. डावा, उजवा, परत डावा. पाण्यातला क्षार मोजणारी बाई, पण चार महिने तिने हा एक प्रयोग केला नव्हता. पडल्यावर तिने ब्रेक नीट दाबून बघणंच टाळलं होतं.

"म्हणजे माझं वय नाही झालं?" तिने विचारलं.

"वयाचं मला माहीत नाही. ब्रेक उलटे आहेत एवढं नक्की."

कोकिळा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. दिपमाला तिच्या शेजारी बसून राहिली. मग कोकिळा डोळे पुसून उठली आणि म्हणाली, आता जमेल, आता मला माहीत आहे. पण दिपमालाने तिला बसू दिलं नाही. "हाताला अजून माहीत नाही," ती म्हणाली. दोघींनी सायकली हातात धरून उतार पार केला. खाली सपाटी आल्यावर कोकिळा सायकलवर बसली आणि फक्त उजव्या हाताने ब्रेक मारत, ओठ चावत, गावापर्यंत आली. मधे एका ठिकाणी ती उगाचच थांबली. भीती सगळी ब्रेकमुळे नव्हती, हे दोघींनाही दिसलं.

दुपारी जळगावच्या दुकानात चंदनने सायकल बघितली. "बाहेरून आलेल्या बऱ्याच सायकलींना असं असतं," तो म्हणाला. त्याने दोन्ही ब्रेकच्या नळ्या काढून अदलाबदल केल्या, तेल भरलं आणि कोकिळाला पुन्हा पुन्हा दाबून बघायला लावलं. मग त्याने दिपमालाकडे वळून विचारलं, "मग ताई, कोणती?"

दिपमालाला वाटलं होतं, कच्च्यावर गेल्यावर सगळं स्पष्ट होईल. उलट गुंता वाढला होता. हार्डटेलने हात आणि पाठ हलवून सोडली होती, पण चाकाखाली काय आहे ते प्रत्येक क्षणी सांगितलं होतं. फुल सस्पेन्शनवरचे ते पडण्याआधीचे क्षण मात्र ती विसरू शकत नव्हती. तिने कोकिळाकडे बघितलं.

"कोणती घेऊ गं?"

"मला विचारू नकोस," कोकिळा म्हणाली. "आता मी तुला काही सांगणार नाही."

दिपमालाने दोन्ही सायकलींभोवती फेऱ्या मारल्या. तिला तो तिसरा चढ आठवला, दोन दगडांमधली रेघ. ती रेघ तिने स्वतः शोधली होती. पण ती हार्डटेलमुळे सापडली, की पुढे कोणी नव्हतं म्हणून? फुल सस्पेन्शनवरही सापडली असती की. याचं उत्तर कोणत्याच व्हिडिओत नसणार, हे तिला कळलं.

"हार्डटेल," ती शेवटी म्हणाली. "आणि चाकं?"

"तुमच्या मापात लहान चाकंच येतात," चंदन म्हणाला. निदान तो एक प्रश्न तिच्या उंचीनेच सोडवला होता.

सायकल चंदन दोन दिवसांनी धुळ्याला पोचवणार होता. परतताना बसमध्ये तिला वाटलं, चुकलंच. पारोळ्यापर्यंत तिने दोनदा मोबाइल काढला, चंदनला फोन करून बदलून घ्यावी म्हणून, आणि दोनदा ठेवून दिला. घरी गिरधरने विचारलं, "झालं का पक्कं?" ती म्हणाली, "झालं. पण बरोबर झालं की नाही, विचारू नकोस."

डिसेंबरात दोघी यावलच्या पुढे गेल्या. जुनी वाट शोधायला गेल्या तर तिथे केळीच्या बागा झाल्या होत्या. एका बागेत घड उतरवणाऱ्या बायकांना विचारलं. एकीने डोंगराकडे हात केला, दुसरीने कालव्याकडे, आणि मग त्या दोघींतच वाद लागला. कोकिळा आणि दिपमालाने डोंगराचा रस्ता धरला. उतारांवर कोकिळा अजून थांबायची, हात बघायची, मग सोडायची. तिसऱ्या-चौथ्या उताराला ती न थांबता खाली आली. खाली आल्यावर तिने पाण्याची बाटली एका दमात अर्धी केली.

पुढे एक कोरडा नाला लागला. दिपमालाने वेग घेतला आणि तिचं पुढचं चाक वाळूत असं रुतलं की ती सायकलसकट सावकाश आडवी झाली. मागून येणारी कोकिळाही तशीच रुतली. दोघी वाळूत बसून हसल्या. मग दिपमाला उठली आणि टायर अंगठ्याने दाबून बघायला लागली.

"रुंद टायर असते तर गेली असती का गं?" ती म्हणाली. "की हवा कमी करायला हवी होती?"

"आता टायर बदलायचं काढू नकोस," कोकिळा म्हणाली.

"नाही, पण कळायला तर हवं."

त्यांनी हवा थोडी सोडली आणि नाल्यावर पुन्हा गेल्या. कोकिळा अर्ध्यापर्यंत गेली, दिपमाला त्याहून जरा पुढे. मग थोडी भरली, परत सोडली. नाला पार झाला नाही. ऊन चढल्यावर त्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या, पलीकडे गेल्या, आणि निंबाखाली बसून भरीत-भाकरी खाल्ली.